हातांवरची बंदी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला प्रथम आठवली ती माझी मावसबहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या शाळेत मुली आपसांत हातांनी बोलू लागल्या की हातावर पट्टी बसे. “तोंडाने बोला!” असा दंडक. सुटीत घरी आली तरी ती बराच वेळ हात पाठीमागे धरून बसे. हा दंडक आला कोठून, याचा शोध घेत गेले, तो थेट इटलीतील मिलान शहरी जाऊन पोचले.

पण आधीची हकीकत सांगितली पाहिजे. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या धर्मगुरूंनी दोन बहिऱ्या बहिणींना शिकवावयास घेतले. बहिरी माणसे ज्या खुणांनी बोलतात, त्यांच्याच आधाराने लिहिणेवाचणे शिकवावे, हे त्यांना उमगले आणि त्यातून गरिबांनाही खुली अशी शाळा उभी राहिली. ती खुणांची भाषा लेपेंनीच निर्माण केली असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नव्हे. पिएर देलोज नावाच्या एका बहिऱ्या पुस्तकबांधणीकाराने १७७९ मध्ये पुस्तक लिहून बजावले, की आम्ही पॅरिसचे बहिरे लोक ही भाषा आधीपासूनच बोलत आहो.

पुढची गोष्ट शेजारधर्माची आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावी थॉमस गॅलोडेट यांनी शेजारच्या डॉक्टरांची ॲलिस ही बहिरी मुलगी पाहिली. तिला ‘टोपी’ हा शब्द शिकवून त्यांनी आरंभ केला. अधिक शिकण्यासाठी ते युरोपात गेले आणि १८१६ मध्ये पॅरिसचे बहिरे शिक्षक लॉराँ क्लेर यांना घेऊन परतले. जहाजावर क्लेर त्यांच्यापाशी इंग्रजी शिकले आणि ते क्लेरपाशी खुणा! १८१७ मध्ये हार्टफर्डची शाळा उघडली. तेथल्याच सोफिया फाउलर या बहिऱ्या विद्यार्थिनीशी गॅलोडेटांचे लग्न झाले. त्यांचा मुलगा एडवर्ड आईच्या हातांची भाषा पाहतच वाढला.

आता मिलान. सप्टेंबर १८८० मध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद तेथे भरली. प्रतिनिधी १६४, त्यांत बहिरे किती, तर जेम्स डेनिसन हे एकटे! शिक्षणात खुणांपेक्षा तोंडी बोलणेच श्रेष्ठ, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. एडवर्ड गॅलोडेट विरोधात बोलले, पण ऐकतो कोण? (ऐकू येणाऱ्यांची सभा होती, तरीही!) मग देशोदेशींच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या, पुष्कळ बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलाने ओठांकडे पाहत बसावे. अर्धे कळे, अर्धे निसटे. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मुलांना बोलता यावे, हीच इच्छा होती. परंतु शब्द उच्चारण्याच्या कसरतीत वर्षे जात आणि गणित, इतिहास मागे राहत.

मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती या ठरावानंतर चार-पाच वर्षांतच, बिशप लिओ म्युरिन यांच्या प्रयत्नाने. आपल्याकडे पुढे निघालेल्या बहुतेक शाळांतही तोंडी पद्धतीचाच वरचष्मा राहिला. मौज अशी, की भाषा काही मेली नाही. वसतिगृहांत, खेळाच्या मैदानावर, शिक्षकांची पाठ फिरली की ती चालूच होती. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी दाखवून दिले, की या खुणांनाही रीतसर रचना आहे. मिलानच्या ठरावाबद्दल शिक्षकांच्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे. म्हणजे एकशेतीस वर्षांनी! आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था निघाली. तरीही बँकेत, दवाखान्यात दुभाष्या मिळणे कठीणच. माझ्या बहिणीचे दुखणे डॉक्टरांना सांगावयास अजून तिची सून बरोबर जाते, आणि काही दुखणी सुनेपुढे सांगवत नाहीत.

यंदा हळदीकुंकवाला ती आपल्या मंडळात आली होती. तिने आम्हांला ‘बाई’ची खूण शिकवली: चमकी जेथे घालतो, तेथे नाकाला बोट लावावयाचे. ‘पुरुष’ म्हणजे मिशी. सगळ्या हसल्या. मग ‘बस’, ‘जेवलीस का’, ‘पुन्हा ये’ एवढे आम्ही तिच्याकडून घोकून घेतले. वाण घेऊन जाताना जिन्यावरून तिने वळून पाहिले, तेव्हा दारातल्या सातआठ जणींनी एकदमच हात वर केले. त्यांतल्या निम्म्यांची खूण चुकली होती.