प्रवर्ग कोणता, टक्के किती? विशेष शिक्षणाच्या सवलती आणि पालकांसमोरील प्रश्न

इयत्ता चौथीतील मूल गोष्ट ऐकून ती बिनचूक सांगते, परंतु तीच पुस्तकातून वाचताना ओळीगणिक अडखळते. प्रगतिपुस्तकात शेरा मात्र ‘लक्ष देत नाही’ एवढाच. या शेऱ्यापासून शासकीय प्रमाणपत्रापर्यंतच्या वाटेत पालकांची सर्वाधिक गल्लत होते ती प्रवर्ग आणि टक्केवारी या दोन शब्दांपाशी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रवर्ग होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. शाळेच्या दृष्टीने त्यातील मोठी भर म्हणजे स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचन, लेखन व गणित यांतील डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया आणि डिस्कॅल्क्युलिया हे दोष अध्ययन अक्षमतेत मोडतात. बौद्धिक अक्षमता हा त्याहून वेगळा प्रवर्ग आहे. त्यात बुद्ध्यंक व दैनंदिन व्यवहारकौशल्ये तपासली जातात, तर अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिकही असू शकते. चुकीचा प्रवर्ग नोंदवला गेला, तर मुलाला द्यावयाची मदतच चुकीच्या दिशेने जाते.

टक्केवारीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झाले, की कायदा त्यास ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ मानतो. ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण आणि शासकीय उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागा हे लाभ या अटीवर मिळतात. सर्वसाधारण शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा १४ वर्षांची असल्याने पुढील चार वर्षांचे संरक्षण विशेष मोलाचे ठरते. मात्र परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख असलेल्या १७ व्या कलमात ४० टक्क्यांची अट नाही. ते कलम ‘दिव्यांग विद्यार्थी’ एवढेच म्हणते. लेखनिकासाठी लक्षणीय दिव्यांगत्व ही पूर्वअट असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘टक्के भरत नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर पालकांनी शाळेतून परत फिरू नये.

अतिचंचलता व अवधानाचा विकार, म्हणजे एडीएचडी, २१ प्रवर्गांच्या यादीत नाही. मंदगतीने शिकणारे, बुद्ध्यंक सीमारेषेवर असलेले मूलही बहुधा प्रवर्गाबाहेरच राहते. ही कायद्यातील उणीवच म्हणावी लागेल. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता असणे विरळा नसल्याने तिची तपासणी स्वतंत्रपणे करून घेणे हिताचे.

ही तपासणी कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी वा कोकणी माध्यमातून शिकलेले मूल पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाते. त्या वर्षी इंग्रजी वाचनात अडखळणे म्हणजे अध्ययन अक्षमता असे नव्हे. उलट खरी अक्षमताही ‘माध्यम बदलले म्हणून’ या सबबीखाली दडून राहते. मुलाचे शिक्षण ज्या भाषेत झाले, त्या भाषेतील चाचणीचा आग्रह पालकांनी धरावा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी मराठीतही आहे.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणतः वयाच्या आठव्या वर्षानंतर दिले जाते, परंतु मदतीसाठी तोवर थांबण्याचे कारण नाही. यूडीआयडी ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असल्यास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० वा अधिक असल्यास निळे कार्ड मिळते. वैद्यकीय मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास कलम ५९ अन्वये अपील करता येते. शाळेशी झालेला पत्रव्यवहार, चाचण्यांचे अहवाल व जुन्या उत्तरपत्रिका जपून ठेवाव्यात. दहावीच्या परीक्षेतील सवलतीचा अर्ज शाळेमार्फतच जात असल्याने त्याची चौकशी नववीतच केलेली बरी.