झाडाची काकवी: शुद्ध मालाला भाव कसा मिळाला



मागच्या बैठकीत आपल्या एका ताईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढून सगळ्यांपुढे ठेवली. कॅनडात राहणाऱ्या भाच्याने ती पाठवली होती. बाटलीवर लाल पानाचं चित्र होतं आणि आत तपकिरी, पातळ पाक होता. चमच्या-चमच्याने सगळ्यांनी चाखला. ताई म्हणाल्या, "दिसते आपल्या काकवीसारखी, लागतेही जराशी तशीच. मग आपली काकवी विकताना गिऱ्हाईक घासाघीस करतं, आणि ह्या एवढ्याशा बाटलीला लोक इतके पैसे मोजतात, ते का?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर दोनशे-तीनशे वर्षांच्या इतिहासात आहे आणि ते आपल्या कामाचंही आहे. म्हणून आजची गोष्ट मेपल सिरपची, म्हणजे झाडाच्या काकवीची.

मेपल हे थंड मुलुखातलं झाड. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा पूर्व भाग हे त्याचं माहेर. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठतं आणि दिवसा ऊन पडून ते वितळतं. असे दिवस आले की झाडात रस धावू लागतो. तेव्हा खोडाला बोटाच्या जाडीहून बारीक भोक पाडतात, त्यात तोटी बसवतात आणि थेंब थेंब रस गोळा करतात. कोकणात माडाची माडी काढतात किंवा पहाटे शिंदीची नीरा उतरवतात, त्यातलाच हा प्रकार समजा. हा हंगाम जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा. झाडाला कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते आणि काम थांबतं.

हा रस पाण्यासारखा पातळ असतो. त्यात साखर शंभरात दोन भाग, म्हणजे उसाच्या रसाच्या मानाने फारच कमी. म्हणून साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. शिवाय झाड भोक पाडण्याजोगं व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. सासूने लावलेल्या झाडाचा रस सुनेच्या हाताला लागतो, म्हणा ना. बाटली महाग असण्याचं पहिलं कारण हे.

हे काम सुरू केलं तिथल्या मूळच्या लोकांनी. अनिशिनाबे, अबेनाकी, हौडेनोसौनी अशा अनेक जमाती आहेत. त्यांतल्या अनिशिनाबे लोकांत साखरेचं काम मुख्यतः बायकांचं होतं. हंगाम आला की घरं मेपलच्या राईत मुक्कामाला जात. कोणत्या घराने कोणती राई वापरायची हे ठरलेलं असे, आणि तो हक्क पुष्कळदा आईकडून लेकीकडे जाई. काहिलीसारखी धातूची मोठी भांडी गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर आली. त्याआधीची एक युक्ती जुन्या नोंदींत सापडते. रस रात्री उघड्यावर गोठू द्यायचा आणि सकाळी वरचा बर्फ काढून टाकायचा. पाणी बर्फात जाई आणि खाली गोडी राही. इंधनाची केवढी बचत!

पाक आणखी आटवून, लाकडी डोणीत घोटून त्याची कोरडी साखर करत. आपले गुळवे गूळ घोटतात तसंच. ती साखर भूर्जाच्या सालीच्या डब्यांत भरून वर्षभर पुरवत. भूर्जपत्र आपल्याला पोथ्यांमुळे माहीत आहे. त्याच जातीच्या झाडाची साल तिकडे साखरेचा डबा झाली. उरलेली साखर व्यापाऱ्यांना देऊन बायका कापड आणि भांडी घेत. म्हणजे ह्या धंद्याच्या पहिल्या मालकिणी बायकाच होत्या. पुढे गोऱ्या लोकांनी जमिनी घेतल्या आणि बऱ्याच राई त्यांच्या हातून गेल्या. बाटलीवरच्या सुंदर चित्रात हे दिसत नाही, म्हणून सांगितलं.

आता १७९१ सालाकडे येऊ. त्या काळी जगाच्या बाजारातली बरीचशी साखर कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून येई. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून मरेस्तोवर काम करून घेत. ब्रिटनमध्ये हजारो घरांनी ही साखर खायची नाही असं ठरवलं. घरात साखर आणायची की नाही हे बायकांच्या हातात होतं, त्यामुळे त्या ह्यात पुढे होत्या. काही वर्षांनी तिथे हिंदुस्थानातून आलेली साखर 'गुलामांनी न केलेली' म्हणून विकली जाऊ लागली. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश ह्यांनी १७९१ मध्ये मेपलच्या झाडावर एक निबंध लिहिला. शेतकऱ्याच्या घरात, बायकापोरांच्या हातांनी होणारी ही साखर गुलामांच्या साखरेची जागा घेईल, अशी त्यांची आशा होती. थॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आपल्या शेतावर मेपलची रोपं लावली. ती बहुतेक जगली नाहीत. आणि हेही खरं की जेफरसन ह्यांच्या त्याच शेतावर गुलाम राबत होते.

मेपलने उसाला हरवलं नाही. एकोणिसाव्या शतकात उसाची साखर स्वस्त होत गेली आणि मेपलची साखर तिच्यापुढे टिकेना. मग शेतकऱ्यांनी साखर करणं कमी केलं आणि पाक विकायला सुरुवात केली. साखर सगळीकडे मिळते, पण ह्या पाकाची चव दुसऱ्या कशाला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

चवीला भाव आला तशी भेसळही आली. मेपलच्या पाकात उसाचा पाक किंवा मक्यापासून केलेला ग्लुकोज मिसळला की तो कमी खर्चात तयार होई. नाव मात्र मेपलचंच. १८८७ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या एका किराणा व्यापाऱ्याने उसाचा आणि मेपलचा पाक एकत्र करून 'लॉग केबिन' नावाने विकायला काढला. डबा लाकडी झोपडीच्या आकाराचा होता. शुद्ध पाक न परवडणाऱ्यांना तो परवडे, म्हणून तो खूप खपला. पुढच्या काळात अशा मिश्रणांतला मेपलचा वाटा घटत गेला. आज दुकानातल्या कित्येक 'पॅनकेक सिरप'मध्ये मेपलचा थेंबही नसतो. असतो तो मक्याचा पाक, रंग आणि वास.

यात नुकसान खरा माल करणाऱ्याचं. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही, तर ते स्वस्त डबा उचलणारच. म्हणून १८९३ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या उत्पादकांनी आपला संघ काढला. मग १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा झाला. डब्यात एक आणि कागदावर दुसरं, हे गुन्हा ठरलं. कायद्याने भेसळ एका दिवसात थांबली नाही, पण 'शुद्ध' ह्या शब्दाला वजन आलं.

शुद्धतेचा प्रश्न थोडा सुटला, तरी भावाचा राहिलाच. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले शेतकरी पिंपं भरून पाक करत, पण घेणारे मोजकेच मोठे व्यापारी होते. बराच माल तंबाखूला चव आणण्यासाठी जाई. हंगाम संपला की प्रत्येकाला पैशाची घाई. व्यापारी म्हणेल तो भाव. गुऱ्हाळवाल्या घरातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

१९२५ मध्ये सिरिल व्हायाँकूर ह्यांच्या पुढाकाराने क्वेबेकमधल्या उत्पादकांनी सहकारी संस्था उभी केली. सगळ्यांचा पाक एका जागी आणायचा, तपासायचा, प्रत लावायची आणि एका नावाने विकायचा. १९६६ मध्ये प्रांतभरच्या उत्पादकांचा महासंघ झाला. १९८९ मध्ये उत्पादकांनी मतदान करून एकत्र विक्रीची योजना मान्य केली. २००० साली त्यांनी एक मोठी गोष्ट केली. राखीव साठा सुरू केला. ज्या वर्षी रस भरपूर, त्या वर्षी जास्तीचा पाक निर्जंतुक करून पिंपांत सीलबंद ठेवायचा. ज्या वर्षी हवामान रुसेल, त्या वर्षी तो बाजारात आणायचा. म्हणजे भाव पडतही नाही आणि भडकतही नाही. २००४ पासून कोणी किती पाक महासंघामार्फत विकायचा ह्याचा वाटाही ठरवून दिला. २०२१ मध्ये हंगाम आखूड निघाला आणि मागणी वाढली, तेव्हा ह्या साठ्यातून सुमारे ५ कोटी पौंड पाक काढावा लागला. तो साठ्याचा जवळपास अर्धा भाग होता. आज जगातला दर दहातला सुमारे सात भाग मेपल पाक एकट्या क्वेबेकचा असतो.

सगळे खूश आहेत असं नाही. स्वतःच्या झाडाचा रस आणि स्वतःचं पिंप, पण मनासारखं विकता येत नाही, ह्यावर काही शेतकरी चिडले. कोर्टकचेऱ्या झाल्या, दंड झाले. छोट्या डब्यांत थेट गिऱ्हाइकाला विकायची मोकळीक आहे, पण पिंपाने विकायचं तर महासंघाच्या नियमानेच. एकीची किंमत असते आणि ती कुणाला तरी जास्त टोचते.

आणि जिथे साठा तिथे चोर. २०१२ च्या उन्हाळ्यात एका गोदामात मोजणी चालू होती. तपासनीस पिंपांच्या थप्पीवर चढला, तर एक पिंप डगमगलं. आत काही नव्हतंच! काही पिंपांत तर पाण्याशिवाय काही निघालं नाही. जवळपास ३ हजार टन पाक महिनोन् महिने गुपचूप बाहेर गेला होता. किंमत सुमारे १ कोटी ८७ लाख कॅनेडियन डॉलर. चोर पकडले गेले, शिक्षा झाल्या. पण धडा मोठा होता. साठा केला की मोजणी नियमित हवी, मग तो पाकाचा असो की गटाच्या धान्याचा.

आता कुणाच्या हाती अशी बाटली आली किंवा शहरातल्या लेकीने 'घेऊ का?' असं विचारलं, तर काय बघायचं ते सांगते.

पहिलं, पुढचं चित्र सोडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत फक्त मेपल सिरप हवं. 'मेपल फ्लेवर्ड' किंवा 'पॅनकेक सिरप' लिहिलेलं असेल तर तो वेगळा माल. तो घ्यायला हरकत नाही, पण शुद्ध पाकाचे पैसे देऊन घेऊ नका.

दुसरं, रंग. शुद्ध पाकाच्या चार प्रती असतात: सोनेरी, पिवळट तांबूस, गडद आणि अतिगडद. ही शुद्धतेची उतरंड नाही. चारही शुद्धच. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका आणि चवीला हलका, शेवटचा गडद आणि चवीला उग्र. स्वयंपाकात घालायचा तर गडद चांगला, आणि पुष्कळदा तो स्वस्तही पडतो.

तिसरं, भाव बाटलीचा पाहू नका, १०० मिलीचा काढा. छोटी बाटली नेहमी महाग पडते. एक बाटली ग्रॅममध्ये आणि दुसरी मिलीमध्ये असेल, तर लक्षात ठेवा की एक लिटर पाकाचं वजन सुमारे १ किलो ३३० ग्रॅम भरतं. हा हिशेब केला नाही तर स्वस्त काय ते कळत नाही. चार घरांनी मिळून मोठा डबा घेतला तर तो परवडतो. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी येते.

चौथं, हा पाक कितीही नैसर्गिक असला तरी शेवटी साखरच आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी 'झाडाचं आहे' म्हणून वाटीभर घेऊ नये.

आता ताईंच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपली काकवी काही कमी गुणाची नाही. फरक इतकाच की त्या लोकांनी शंभर वर्षं तीन गोष्टी सोडल्या नाहीत. डब्यावर खरं लिहायचं. प्रत ठरवून एका नावाने विकायचं. आणि घाईला येऊन पडेल त्या भावाने माल द्यायचा नाही, तोपर्यंत धरून ठेवायची सोय करायची. गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारी आपल्याकडेही होतात, आणि तेव्हा खरा गूळ करणाऱ्याचाच भाव पडतो. तिकडेही हेच झालं होतं.

म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टी बोलून घ्या. आपल्या काकवीच्या, मधाच्या किंवा लोणच्याच्या बरणीवर आत आहे ते सगळं लिहिलेलं आहे का? गटातल्या सगळ्यांच्या बरणीत एकच प्रत असते का? आणि पुढच्या हंगामात महिनाभर माल धरून ठेवायचा, तर त्या बाईचं घर चालवायला गटातून किती उचल देता येईल? तिसऱ्या प्रश्नाचा आकडा वहीत लिहा. भावाचं बोलणं त्या आकड्यापासून सुरू होईल.

ताईंची बाटली अजून अर्धी आहे. पुढच्या वेळी भाकरीबरोबर काकवी आणि हा पाक शेजारी-शेजारी ठेवून चाखू. मला वाटतं, आपली काकवी हरायची नाही.