सोलापूरची अभियांत्रिकी महाविद्यालये आणि बदलते मानांकन

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली. अभियांत्रिकीची पदवी शहरात यायला त्यानंतर शंभरावर वर्षे गेली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले. त्याच वर्षी श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केली. जिल्हा तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. महाविद्यालयाची पारख म्हणजे मुख्यतः शासनाची परवानगी आणि विद्यापीठाची संलग्नता. समिती येई आणि जागा, इमारत, यंत्रसामग्री, शिक्षकसंख्या पाहून जाई.

१९८७ च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. याच कायद्याच्या आधारे परिषदेने १९९४ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रिडिटेशन, म्हणजे एनबीए, स्थापन केले. परिषदेची मान्यता सक्तीची, एनबीएचे मानांकन ऐच्छिक. शिवाय ते महाविद्यालयाला नव्हे, एकेका अभ्यासक्रमाला मिळते. स्थापत्य शाखेला मानांकन आहे आणि शेजारच्या यंत्र शाखेला नाही, असे होऊ शकते. प्रवेशाच्या जाहिरातींत हा फरक सहसा गाळला जातो.

खरे वळण आले ते वॉशिंग्टन करारामुळे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९८९ मध्ये केलेल्या या करारात सदस्य देशांच्या मानांकन संस्था एकमेकींचे निर्णय ग्राह्य धरतात. भारताला २००७ मध्ये तात्पुरते सदस्यत्व मिळाले. २०१० मध्ये एनबीए तंत्रशिक्षण परिषदेपासून वेगळे होऊन स्वायत्त झाले आणि १३ जून २०१४ रोजी भारत कायम सदस्य झाला. त्यासाठी मोजमापच बदलावे लागले. महाविद्यालयाकडे काय आहे यापेक्षा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय करता येते, हा प्रश्न पुढे आला. बारा ‘प्रोग्राम आउटकम’ (पीओ) ठरले. प्रत्येक विषयाची उद्दिष्टे, म्हणजे ‘कोर्स आउटकम’ (सीओ), त्यांच्याशी जोडून ती किती साध्य झाली, हे प्राध्यापकांनी आकड्यांत दाखवायचे. सीओ-पीओच्या या तक्त्यांनी स्टाफरूममधला बराच वेळ खाल्ला. पण प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न नेमके काय तपासतो, हे विचारण्याची सवयही त्यांनीच लावली.

संलग्न महाविद्यालयांची मात्र यात कोंडी झाली. निष्पत्तीचा जाब त्यांनी द्यायचा, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या हाती. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ झाले, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. अभ्यास मंडळ कोल्हापूरहून नव्या विद्यापीठाच्या केगाव परिसरात आले, तरी अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे आला नाही. एनबीएने हा भेद ओळखून दोन श्रेणी केल्या: टियर-१ विद्यापीठे व स्वायत्त संस्थांसाठी, टियर-२ संलग्न महाविद्यालयांसाठी. वॉशिंग्टन कराराचा लाभ फक्त पहिल्या श्रेणीला मिळतो.

म्हणूनच सोलापूरच्या बाबतीत मानांकनाच्या नव्या अर्जांपेक्षा स्वायत्तता हा मोठा बदल ठरतो. वालचंद आणि पंढरपूरचे स्वेरी ही दोन्ही महाविद्यालये आता स्वायत्त आहेत. आपला अभ्यासक्रम ती स्वतः आखतात आणि त्यातल्या उणिवांचे खापर विद्यापीठावर फोडता येत नाही. दरम्यान निकषही बदलले: एनबीएच्या २०२५ च्या अर्जाच्या नमुन्यात प्रोग्राम आउटकम बारावरून अकरा झाले असून समाज आणि पर्यावरण हे दोन वेगळे मुद्दे ‘अभियंता आणि जग’ या एकाच मुद्द्यात आले आहेत.