बुद्धिबळ-आज्ञावलींचे परीक्षण

बुद्धिबळ-आज्ञावलींचे परीक्षण : संगणकाकडून बुद्धिबळ खेळवून घेणाऱ्या आज्ञावलीत केलेल्या बदलामुळे तिचे बळ वाढले की घटले, हे निश्चित करण्याची पद्धती [⟶ बुद्धिबळ]. अशा आज्ञावलीचे दोन प्रमुख भाग असतात : संभाव्य चालींचा शोध घेणारा आणि पटावरील स्थितीस अंकात्मक मूल्य देणारा. दोहोंत अनेक प्राचल (ज्यांची मूल्ये रचनाकाराने ठरवावयाची असतात अशा राशी) असतात.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा प्रत्येकी ३ आणि प्यादे १ अशी मूल्ये दिली. ती खेळाडूंच्या अनुभवावर आधारलेली होती. पुढे निवडक स्थिती मांडून आज्ञावलीस योग्य चाल सापडते का, हे पाहण्याची रीत पडली. इव्हान ब्राट्‌को व डॅनी कोपेक यांचा २४ स्थितींचा संच (१९८२) या प्रकारातील होय. मात्र अशा संचात सरस ठरलेली आज्ञावली प्रत्यक्ष डावांतही सरस ठरतेच असे नाही. याच सुमारास केन टॉम्पसन यांनी ‘बेल’ या यंत्राच्या शोधाची खोली कमीअधिक करून त्याच्या आवृत्त्या परस्परांविरुद्ध खेळविल्या. खोलीगणिक पडणारा बळातील फरक इतका मोठा होता, की तो थोड्या डावांतही दिसून आला.

खरी अडचण लहान फरकांची आहे. आर्पाड एलो यांच्या गुणांकनपद्धतीनुसार (आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता १९७०) १० गुणांनी वरचढ असलेल्या पक्षास सरासरीने शेकडा ५१.४ गुण मिळतात. बरोबरीचे डाव नसतील, तर १०० डावांतील प्रमाण त्रुटी शेकडा ५ असते. म्हणजे हा फरक यदृच्छेत पूर्णपणे झाकला जातो. तो प्रमाण त्रुटीच्या दुप्पट ठरण्यास सु. ४,८०० डाव लागतात. निम्मे डाव बरोबरीत सुटल्यास त्याच्या निम्मे पुरतात. शेपन्नास डावांवरून निघालेले अनुमान म्हणूनच फसवे असते. निकाल अनुकूल दिसताच सामना थांबविल्यास चूक आणखी वाढते. शिवाय आज्ञावली तोच डाव पुनःपुन्हा खेळू नये म्हणून निरनिराळ्या प्रारंभिक स्थिती निवडून प्रत्येक स्थिती मोहऱ्यांचे रंग बदलून दोनदा खेळवावी लागते.

सामना केव्हा थांबवावा, या प्रश्नाचे उत्तर अब्राहम वॉल्ड यांच्या क्रमिक परीक्षेत मिळाले. दुसऱ्या महायुद्धकाळात विकसित झालेली ही पद्धती १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ‘बदल निरुपयोगी आहे’ व ‘बदल अमुक गुणांनी उपकारक आहे’ या दोन गृहीतकांच्या संभाव्यतांचे गुणोत्तर प्रत्येक निकालानंतर तपासतात आणि ते पूर्वनियोजित सीमा ओलांडेपर्यंत खेळ चालू ठेवतात. ‘स्टॉकफिश’ या मुक्त आज्ञावलीसाठी गॅरी लिन्स्कॉट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘फिशटेस्ट’ या व्यवस्थेत ही परीक्षा वापरतात. स्वयंसेवकांचे संगणक त्यासाठी हजारो डाव खेळतात. प्रथम अल्प कालमर्यादेत (१० सेकंद व प्रत्येक चालीमागे ०.१ सेकंद) व तीत उत्तीर्ण झाल्यास दीर्घ कालमर्यादेत बदलाची परीक्षा होते. शेकडा ५ चुकीची मुभा ठेवल्यास वीस निरुपयोगी बदलांपैकी सरासरीने एक यदृच्छेने उत्तीर्ण होतो. दुसरी परीक्षा ही शक्यता बरीच कमी करते.

प्राचलांची मूल्ये शोधण्याचे तंत्र यापासून भिन्न आहे. जेम्स स्पॉल यांच्या पद्धतीत सर्व प्राचल एकाच वेळी यदृच्छेने किंचित हलवून निकालांच्या अनुरोधाने हळूहळू सुधारतात. पीटर ऑस्टरलुंड यांनी ‘टेक्सेल’ या आज्ञावलीसाठी खेळलेल्या डावांतील स्थिती व त्या डावांचे निकाल यांचा मेळ घालून मूल्ये काढली (२०१४). २०२० पासून ‘स्टॉकफिश’मध्ये स्थितिमूल्यनासाठी शिकविलेले कृत्रिम तंत्रिका-जाल वापरात आले व त्यातील प्राचलांची संख्या कोटींच्या घरात गेली. तरीही मूल्ये कोणत्याही मार्गाने आलेली असोत, ती स्वीकारण्यापूर्वी डावांची कसोटी द्यावीच लागते. मात्र स्वतःच्याच पूर्वावृत्तीविरुद्ध दिसलेली सुधारणा अन्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध बहुधा तेवढी दिसत नाही, ही या कसोटीची मर्यादा होय.