भुताचा बंगला की प्लेगचा दवाखाना?

ओढ्यापलीकडं जी पडकी इमारत आहे ना, तिला 'भुताचा बंगला' म्हणतच आपण सगळे मोठे झालो. पैज लावून आम्ही पोरं आत शिरायचो. सापडायचं काय? वटवाघळं आणि गंजक्या खाटा. आजी ओरडायची, "तिथं नेलेलं माणूस माघारी येत नाही!"

हे वाक्य भुताचं नाही, इतिहासाचं आहे. जुनी माणसं सांगतात, तो प्लेगचा दवाखाना होता. १८९६ ला प्लेग मुंबईत आला, मग गावोगाव पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्यानं रोग्याला घरातून उचलून वेगळं ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. उंदीर पडले की लोक घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला प्लेगनंच गेल्या. दवाखान्यात नेलेल्या कित्येकांचं शेवटचं तोंडही घरच्यांना दिसलं नाही. कोरोनात आपण तेच पाहिलं. २०२० ला कायदाही तोच होता.

आता तिथं गाळे होणार म्हणे. होऊ देत. पण पाडण्याआधी जुन्या मृत्यूनोंदी काढा, त्या माणसांची नावं फलकावर लिहा. इतकी वर्षं आपण त्यांना भूत म्हणतोय. कुणाच्या घरी प्लेगाच्या काळातल्या आठवणी असतील तर जरूर कळवा.