रेषालेख

रेषालेख हा काळानुसार बदलणाऱ्या संख्या दाखवणारा आलेख आहे. त्यात संख्यांचे बिंदू रेषाखंडांनी जोडलेले असतात. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापारविषयक आकडेवारीचे रेषालेख प्रसिद्ध केले. संकेतस्थळाच्या पानावर रेषालेख काढण्यासाठी चार्ट.जेएस, डी३ अशा जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतात. चार्ट.जेएसला आलेखाचा प्रकार, क्ष-अक्षावरील वर्षे व य-अक्षावरील संख्या पुरवल्यास ती पानावरील ‘कॅनव्हास’ या घटकात आलेख रेखाटते.

लायब्ररी बिंदू जोडते. आकड्यांचा अर्थ तपासत नाही. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे २१ लाख, तर २००१ मध्ये सुमारे ११.३६ लाख होती. हे बिंदू जोडल्यास रेषा जवळजवळ निम्म्यावर घसरते. प्रत्यक्षात १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. नागरा हे गाव याच जिल्ह्यात आहे. २००१ मध्ये गोंदियाची लोकसंख्या सुमारे १२.०१ लाख होती. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज सुमारे २३.३७ लाख होते, म्हणजे लोकसंख्या वाढलीच होती. अशा वेळी आलेखात बेरीज दाखवावी किंवा रेषा खंडित करावी. चार्ट.जेएसमध्ये दोन बिंदूंच्या मधल्या स्थानी ‘नल’ हे रिक्त मूल्य दिल्यास रेषा तेथे तुटते.