गाडी चालू का होत नाही? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आज लढाया नाहीत, तह नाहीत, सनावळ्याही मोजक्याच. आजचा विषय तुमच्या-माझ्या जिन्याखाली उभा असतो. कामावर निघायची घाई आणि मोटरसायकल चालू होत नाही. इंदूर असो, बेळगाव असो, बडोदा असो की हैदराबाद, हा प्रसंग सगळीकडे सारखाच. पण त्या वेळी मालक नेमकं काय करतो, हे दर पिढीला बदलत गेलं. मला या गोष्टीत रस आहे तो एवढ्यासाठी, की यंत्राची माहिती कोणाच्या हातात होती आणि ती कुठे गेली, हे इथे स्पष्ट दिसतं.

आधी मूळ हिशेब. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. गाडी चालू होत नाही, याचा अर्थ या तिघांपैकी कोणीतरी दांडी मारली आहे. गाड्या बदलल्या, पण हे तीन संशयित कायम राहिले.

सुरुवातीला सगळ्यात मोठा घोळ पेटवण्याचा होता. 1885 साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी दुचाकीवर इंजिन बसवलं, तेव्हा त्यात स्पार्क प्लग नव्हता. बर्नरने तापवून लाल केलेली नळी मिश्रण पेटवायची. 1894 मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटरसायकली संख्येने बनवून विकायला काढल्या, त्याही याच पद्धतीच्या. त्यांना क्लचही नव्हता. म्हणजे ज्योत पेटवा, नळी तापू द्या, मग गाडी ढकलत पळा. 1902 मध्ये बॉश कंपनीचा उच्च दाबाचा मॅग्नेटो आला आणि भरवशाची ठिणगी मिळू लागली. पुढे ढकलण्याच्या जागी किक आली. 1914 मध्ये अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने चक्क बटणस्टार्टची मोटरसायकल काढली, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलला नाही. ती सोय मागे घ्यावी लागली आणि किकचं राज्य पुढे कित्येक दशकं टिकलं.

आता आपल्या देशात येऊ. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथे बनू लागली. 1961 पासून म्हैसूरला जावा बनू लागली. राजदूतही त्याच दशकातली. या तिन्ही गाड्यांनी मालकाला अर्धा मेकॅनिक करून सोडलं.

बुलेटचंच बघा. अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, मग डिकॉम्प्रेशनचं लिव्हर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचं, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून मारायची. चुकलं तर किक उलटी यायची आणि घोटा धरून बसावं लागायचं. जावाचा थाट वेगळा. तिचा किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. थंडीत कार्बुरेटरवरची टिकली पेट्रोल गळेपर्यंत दाबायची. जावा, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. जावाला लिटरमागे साधारण 40 मिलिलिटर. त्या ऑइलची काजळी प्लगवर बसायची. म्हणून डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपर हे असायचेच.

तपासणीचा क्रमही ठरलेला. आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? रिझर्व्हवर टाकून बघा. मग प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. प्लग टोपीत घालून इंजिनाला टेकवा आणि किक मारा. निळी ठिणगी दिसली तर ठीक. नाही दिसली तर कव्हर खोलून पॉइंट घासा आणि फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास आणा. किकच हलकी पडत असेल, तर दाब गेलेला आहे आणि आता खर्च मोठा. हे सगळं पाहून-पाहून शिकलं जायचं, बापाकडून, शेजाऱ्याकडून, नाक्यावरच्या उस्तादाकडून. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं करोल बाग, चेन्नईचं पुदुपेट इथल्या बाजारांमागे हीच जाणकारी उभी होती.

1984-85 मध्ये जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या आल्या आणि पानं उलटली. हिरो होंडाची सीडी 100 फोर-स्ट्रोक, म्हणजे ऑइल मिसळणं संपलं. हळूहळू पॉइंटच्या जागी सीडीआय नावाची बंद डबी आली. ती घासायची नसते, बदलायची असते. बटणस्टार्ट रुळला, आणि बऱ्याच गाड्यांची किकच गेली.

मोठा टप्पा 1 एप्रिल 2020 चा. बीएस-6 नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या मोटरसायकलींमध्ये कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोल पंपाने येतं आणि पंपाला वीज लागते. त्यामुळे बॅटरी पार बसली, तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद. पूर्वी दुसऱ्या गिअरवर धक्का देऊन काम व्हायचं. आता त्याचीही खात्री नाही. यात फायदा आहेच. धूर कमी झाला, आणि थंडीत पहिल्याच बटणाला इंजिन उठतं. तक्रार त्याबद्दल नाही.

प्रश्न आहे तो निदानाचा. बिघाड कुठे आहे हे आता गाडीतला संगणक जाणतो, आणि त्याच्याशी बोलायचं यंत्र बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतं. तीस वर्षं कानाने इंजिन ओळखणारा माणूस त्या डबीपुढे गप्प होतो. यात त्याची अक्कल कमी पडलेली नाही. त्याला कोणी आत घेतलेलं नाही. 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत वाहनंही ठेवली, ती याच कारणाने. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला मिळावेत, एवढी साधी मागणी आहे.

तोवर आपल्या हातात काहीच नाही, असं समजू नका. लाल किल स्विच पाहा. साइड स्टँड वर घ्या, क्लच दाबा. चावी फिरवल्यावर टाकीखालून दोन-तीन सेकंद सूं असा आवाज आला, तर पंपाला वीज मिळतेय. दिवा मंद आणि स्टार्टरची नुसती टकटक, तर संशय आधी बॅटरीवर. काही गाड्यांत इंजिनाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो. तो मोजा आणि लिहून ठेवा. पेट्रोल, ठिणगी, दाब. संशयित तेच तीन आहेत. त्यांची चौकशी करायचा हक्क आपल्याकडे राहतो की नाही, हे मात्र या पिढीत ठरणार आहे.

भेटूया पुढच्या भागात.